अन्वेषणात्मक संशोधनाचा आराखडा कसा निवडावा? नागपुरातील कूलर व्यवसायावरच्या एका प्रकल्पाच्या निमित्ताने

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात एम.बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी लोखंडी पत्र्याचे कूलर तयार करणारा एक छोटा कारखाना निवडला आहे. गेल्या काही वर्षांपासून विक्री उतरत चालली आहे आणि त्याला एसी कारणीभूत आहे, असे मालकांचे म्हणणे आहे. मार्गदर्शकांनी अन्वेषणात्मक संशोधन, म्हणजे कारणे आधी ठाऊक नसताना ती शोधून काढणारे संशोधन, करायला सांगितले आहे. विद्यार्थ्याने 32 प्रश्नांची, पाच बिंदूंच्या मापनश्रेणीची ('पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत') प्रश्नावली तयार केली असून ती गूगल फॉर्मवरून 200 जणांकडून भरून घेण्याचा त्याचा विचार आहे. हा आराखडा अन्वेषणात्मक ठरेल का, ठरत नसेल तर मुलाखती, गटचर्चा, निरीक्षण, केस स्टडी यांपैकी काय निवडावे, आणि लहान नमुन्याचे समर्थन मौखिक परीक्षेत कसे करावे, असे त्याने विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे, आणि त्यामागचे कारण नीट कळले की उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे बरीचशी त्यातूनच निघतात. मापनश्रेणीची प्रश्नावली तयार होते तेव्हा कोणत्या गोष्टी महत्त्वाच्या आहेत हे संशोधकाने आधीच ठरवलेले असते. 'एसीमुळे खोली लवकर थंड होते' या विधानाशी आपण कितपत सहमत आहात, असे विचारले की समोरचा माणूस सहमतीचे प्रमाण सांगतो. त्याच्या घरातला कूलर का गेला हे तो सांगत नाही, कारण ते त्याला कोणी विचारलेलेच नसते. जे कारण प्रश्नावली लिहिणाऱ्याच्या मनात आले नाही, ते 200 काय, 2000 उत्तरांतूनही वर येणार नाही. अमेरिकेत कोका-कोला कंपनीने 1985 साली नव्या चवीचे पेय आणण्यापूर्वी सुमारे दोन लाख ग्राहकांच्या चव-चाचण्या घेतल्या होत्या आणि नवी चव अधिक लोकांना आवडते असे त्यांत दिसले होते. परंतु जुने पेय कायमचे बंद झाले तर काय वाटेल, हा प्रश्न त्या चाचण्यांच्या केंद्रस्थानी नव्हता, आणि 79 दिवसांत कंपनीला जुने पेय परत आणावे लागले. मोठा नमुना चुकीच्या प्रश्नाची भरपाई करू शकत नाही, हे विपणनाच्या विद्यार्थ्याने सुरुवातीलाच मनावर घ्यावे असे मला वाटते.

आता निवडीविषयी. मी विदर्भात बाजार संशोधनाचे काम बरीच वर्षे करत आले आहे आणि विद्यार्थ्यांचे प्रकल्पही पाहते. बहुतेक प्रकल्पांत पाठ्यपुस्तकातल्या पद्धतींची यादी आधी समोर ठेवली जाते आणि त्यांतली जी सोयीची वाटेल ती उचलली जाते. आपल्याला नेमके काय माहीत नाही, आणि ते कोणाला माहीत असण्याची शक्यता आहे, हे दोन प्रश्न आधी सोडवले तर पद्धत जवळजवळ आपोआप ठरते. अन्वेषणात्मक आराखडा लवचिक असतो असे आपण शिकतो, परंतु लवचिक म्हणजे सैल असा अर्थ काढू नये. प्रत्येक टप्प्यावर काय कळले आणि त्यामुळे पुढचा टप्पा का बदलला, याची नोंद ठेवणे हाच या आराखड्याचा कणा आहे.

तुमच्या मालकांच्या वाक्यात दोन गोष्टी एकत्र मिसळल्या आहेत. विक्री उतरली हे लक्षण आहे. एसीमुळे उतरली हा अंदाज आहे. लक्षण खरे असले तरी त्यामागे किमान चार वेगवेगळ्या परिस्थिती असू शकतात. लोकांनी कूलर वापरणेच सोडले असेल. किंवा ते कूलर वापरत आहेत, पण जुनाच दुरुस्त करून चालवत आहेत. किंवा नवा घेत आहेत, पण पत्र्याचा न घेता प्लास्टिकच्या बॉडीचा, कंपनीचा घेत आहेत. किंवा विकत घेण्याऐवजी हंगामापुरता भाड्याने आणत आहेत. या चारही परिस्थितींत कारखान्याच्या वहीत एकच दिसते, की कूलर कमी गेले. परंतु मालकांनी घ्यायचा निर्णय प्रत्येक वेळी निराळा आहे. पहिल्या परिस्थितीत व्यवसायच बदलण्याचा विचार करावा लागेल, दुसऱ्या परिस्थितीत सुटे भाग आणि दुरुस्ती हाच धंदा होऊ शकेल, तिसऱ्या परिस्थितीत रूप, वजन आणि किंमत यांकडे पाहावे लागेल, आणि चौथ्या परिस्थितीत भाड्याने देणाऱ्यांनाच मोठे ग्राहक मानावे लागेल. म्हणून तुमच्या अन्वेषणाचे पहिले काम ग्राहकांची मते गोळा करणे हे नसून या चारांपैकी कोणती परिस्थिती खरी आहे, की त्यांतल्या दोन-तीन एकाच वेळी खऱ्या आहेत, हे ठरवणे आहे.

हे काम मालकांच्या कपाटातून सुरू होते. जुनी बिलबुके, जीएसटीची विवरणपत्रे आणि दुरुस्तीची वही मागून घ्या. नव्या कूलरची विक्री उतरली आहे, पण ताट्यांच्या (कूलरच्या बाजूंना लावायच्या गवती पडद्यांच्या) गवताची आणि पंपांची विक्री तेवढीच राहिली आहे, असे दिसले तर जुने कूलर अजून घराघरांत चालू आहेत आणि पहिली परिस्थिती बरीच कमकुवत ठरते. दोन्ही बरोबरीने उतरले असतील तर लोक खरोखर सोडून जात असतील, किंवा सुटे भागही दुसरीकडून घेत असतील. महिन्यानुसार आकडे मांडले तर आणखी एक गोष्ट तपासता येते: विक्री सर्व महिन्यांत उतरली आहे की फक्त मार्चमध्ये कमी होऊन एप्रिल-मेकडे सरकली आहे. ज्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस झाला त्या वर्षाचा आकडा वेगळा काढून पाहिल्याशिवाय उताराविषयी काहीच बोलू नये. तापमान आणि पावसाच्या नोंदी हवामान विभागाकडून मिळू शकतात. विद्यार्थी या टप्प्याला कंटाळवाणे प्राथमिक काम समजून दोन दिवसांत उरकतात. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त गैरसमज इथेच दूर होतात, आणि तेही एक पैसा खर्च न करता.

प्रकाशित दुय्यम माहितीचाही, म्हणजे इतरांनी आधीच गोळा केलेल्या माहितीचाही, उपयोग आहे, मात्र ती कशासाठी उघडतो आहोत हे ठाऊक हवे. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरातील वस्तूंच्या यादीत एसी आणि कूलर हे एकाच नोंदीत मोजले आहेत. त्यामुळे एसीने कूलरची जागा घेतली का, या तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यातून निघणे शक्यच नाही, कारण कूलर विकून एसी घेणारे घर त्या तक्त्यात जसेच्या तसे राहते. प्रकल्प अहवालात असे वाक्य लिहिता येणे ही चांगल्या दुय्यम अभ्यासाची खूण आहे: उपलब्ध माहिती कुठे संपते हे त्यातून कळते आणि तुमच्या क्षेत्रकार्याची गरज तिथूनच सिद्ध होते. करांच्या बाबतीतही तसेच. एसीवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025पासून 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. मालकांची विक्री त्याच्या आधीच्या उन्हाळ्यांत उतरलेली असेल तर करकपात हे त्या उताराचे कारण असू शकत नाही. पुढच्या उन्हाळ्यांवर तिचा परिणाम झाला का, हा वेगळा प्रश्न आहे. कालक्रम लावून एखादे कारण बाद करणे हे अन्वेषणात्मक टप्प्यात पूर्णपणे वैध आणि फार स्वस्त काम आहे.

यानंतर माहीतगारांच्या मुलाखती. पाठ्यपुस्तके यालाच अनुभव सर्वेक्षण म्हणतात. इथे 'तज्ज्ञ' या शब्दामुळे विद्यार्थी प्राध्यापक आणि व्यवस्थापकांकडे जातात. कूलरच्या बाबतीत खरा माहीतगार म्हणजे होळीच्या सुमारास घरोघरी जाऊन कूलर बसवून देणारा, गवत बदलणारा मेकॅनिक. त्याच्या डोळ्यांसमोर दरवर्षी तीच घरे असतात. कोणत्या घरातून यंदा बोलावणे आले नाही आणि का, हे त्याच्याइतके कोणाला माहीत नसते. सीताबर्डी, इतवारी, महाल या भागांतील दुकानदार, कूलर भाड्याने देणारे, एसी बसवणारे तंत्रज्ञ आणि एखाद-दोन गृहनिर्माण संस्थांचे सचिव यांच्याशी बोला. एसी बसवणाऱ्याला विचारण्यासारखा एक प्रश्न मी आवर्जून सुचवेन: ज्या खोलीत आपण एसी लावला, त्या खोलीत आधी कूलर होता का, आणि तो आता कुठे आहे? एसी शयनगृहात आला आणि कूलर पुढच्या खोलीत सरकला, असे उत्तर येऊ लागले तर दोन वस्तू एकमेकींच्या स्पर्धक आहेत हे गृहीतच डळमळते. या सर्वांशी बोलताना त्यांचा धंदा कशावर चालतो हेही लक्षात ठेवा. ज्याला एसीच्या विक्रीतून जास्त मिळते त्याच्या मतावर त्याची सावली असणारच, म्हणून एकच प्रश्न निरनिराळ्या हितसंबंधांच्या माणसांना विचारून उत्तरे शेजारी ठेवावी लागतात.

आता ग्राहक. तुमच्या प्रकल्पासाठी मी सखोल वैयक्तिक मुलाखत हा मुख्य आधार मानते, आणि याची दोन कारणे आहेत. पहिले, तुम्हाला निर्णयाची कहाणी हवी आहे, आणि कहाणी एका माणसाकडूनच क्रमाने मिळते. दुसरे, या विषयात पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही गुंतलेल्या आहेत. वीजबिल परवडत नाही म्हणून एसी घेतला नाही, हे शेजाऱ्यांच्या देखत कोणी सहज कबूल करत नाही. तसेच एसी घेतला पण महिन्यातून चारच दिवस लावतो, हेही कोणी चारचौघांत बोलत नाही. गटचर्चेत अशा बाबतीत सर्वांत आधी बोलणाऱ्याचा सूर बाकीचे धरतात आणि हाती येते ते समाजमान्य उत्तर. गटचर्चेचा उपयोग तुम्हाला आहे, पण तो नंतरच्या टप्प्यावर आणि मर्यादित कामासाठी: कूलरचे दोन-तीन नवे नमुने समोर ठेवून लोक त्यांत काय हेरतात, कोणत्या शब्दांत नावाजतात किंवा मोडीत काढतात, हे पाहण्यासाठी. तिथे एकाच्या बोलण्याने दुसऱ्याला काही आठवणे हे फायद्याचे ठरते. गट घेतलाच तर सहा ते आठ जणांचा, परस्परांत आर्थिक अंतर फार नसलेला घ्यावा, आणि घरमालक व भाडेकरू यांना एका खोलीत बसवू नये.

मुलाखतीत 'तुम्ही कूलर का घेत नाही?' असा थेट प्रश्न सुरुवातीला टाकू नका. 'का' विचारले की माणूस कारण शोधून देतो, आणि ते बहुधा शोभणारे कारण असते. घडलेल्या गोष्टींपासून सुरुवात करा. गेल्या उन्हाळ्यात घरात कूलर कधी काढला, तो कोणी बसवला, पाणी कोण भरत असे आणि दिवसातून किती वेळा, रात्री कोण कुठे झोपत असे, मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला त्या आठवड्यात काय केले, पावसाच्या सरी सुरू झाल्यावर काय केले. कूलर कोरड्या हवेत काम करतो. हवेतला ओलावा वाढला की त्याचा गारवा संपतो आणि चिकचिक तेवढी उरते. त्यामुळे कूलरविषयीचे मत एप्रिलच्या आठवणीवर आधारलेले आहे की जूनच्या अखेरच्या, हे प्रत्येक मुलाखतीत वेगळे करून घ्यावे लागते. आठवणीला आधार म्हणून परवानगी घेऊन वीजबिल पाहा. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, आणि घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटच्या टप्प्यांवर बदलत असल्यामुळे 'बिल खूप येते' या वाक्यामागे नेमका कोणता टप्पा ओलांडला गेला हे कळू शकते.

आणखी एक गोष्ट अनेक प्रकल्पांतून सुटते. खरेदी करणारा आणि वापरणारा एक नसतो. दुकानात जाऊन कूलर निवडणारे वडील किंवा मुलगा असू शकतात, पण बादलीने पाणी भरणे, टाकी धुणे, ताटीवर धरलेली क्षारांची पुटे काढणे, हे काम घरात कोणाच्या वाट्याला येते ते तपासा. ते काम गृहिणीच्या वाट्याला येत असेल तर एसीसाठी आग्रह कोणाचा होता, हा प्रश्न तिला स्वतंत्रपणे, इतरांच्या अनुपस्थितीत विचारला गेला पाहिजे. पावसाळ्यात डेंगूच्या भीतीने कूलरची टाकी रिकामी करण्याचा आग्रह होतो, त्याचा भारही बहुधा त्याच व्यक्तीवर पडत असणार. मला असा दाट संशय आहे की तुमच्या 32 प्रश्नांत थंडावा, आवाज, किंमत आणि वीज यांविषयी बरेच असेल आणि पाणी भरण्याच्या कष्टाविषयी एखादाच प्रश्न असेल. हा संशय खरा की खोटा हे मुलाखतींनी ठरू द्यावे.

काही भावना मुलाखतीतही वर येत नाहीत, आणि तिथे प्रक्षेपण तंत्र, म्हणजे दुसऱ्या कोणाविषयी बोलायला लावून माणसाच्या स्वतःच्या भावना जाणून घेण्याची रीत, कामाला येते. मेसन हेअर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1950 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग यासाठी आजही अभ्यासण्यासारखा आहे. झटपट विरघळणारी कॉफी का घेत नाही, असे थेट विचारले तर स्त्रिया 'चव आवडत नाही' असे सांगत. हेअर यांनी वाणसामानाच्या दोन याद्या केल्या. दोन्हींत सर्व वस्तू समान, फरक एवढाच की एकीत झटपट कॉफी होती आणि दुसरीत नेहमीची दळलेली कॉफी. सुमारे 50 स्त्रियांना एक यादी आणि तेवढ्याच दुसऱ्या स्त्रियांना दुसरी यादी दाखवून, अशी खरेदी करणारी बाई कशी असेल त्याचे वर्णन करायला सांगितले. झटपट कॉफीच्या यादीवरून जवळजवळ निम्म्या स्त्रियांनी ती बाई आळशी असल्याचे वर्णन केले. दुसऱ्या यादीबाबत असे म्हणणाऱ्या अगदी थोड्या होत्या. म्हणजे अडचण चवीची नव्हती, गृहिणी म्हणून होणाऱ्या परीक्षेची होती. तुमच्या विषयात हेच सोप्या रीतीने करता येईल: नागपुरातील एका कुटुंबाचे सात-आठ ओळींचे वर्णन लिहा, त्यात घर, नोकरी, वाहन, मुलांची शाळा सर्व तेच ठेवा, एका प्रतीत 'बैठकीत कूलर आहे' आणि दुसऱ्या प्रतीत 'बैठकीत एसी आहे' एवढाच बदल करा. एका व्यक्तीला एकच प्रत द्या आणि हे कुटुंब कसे असेल ते सांगायला सांगा. मुलीकडच्यांना किंवा पाहुण्यांना काय वाटेल, हा विचार कूलरच्या निर्णयात येतो की नाही हे यातून ऐकू येईल. थेट विचारल्यास ते कोणी बोलणार नाही. मात्र वीस-पंचवीस जणांवर केलेल्या अशा प्रयोगातून आकडेवारी काढू नका. त्यातून फक्त दिशा घ्या.

निरीक्षणासाठी एप्रिलमधल्या दुपारी काही वस्त्यांतून फिरणे पुरेसे आहे, आणि त्यासाठी वस्त्या विचारपूर्वक निवडा: महालातील जुनी घरे, दक्षिण नागपुरातील स्वतंत्र प्लॉटवरची घरे, आणि वर्धा मार्गाच्या बाजूचे नवे फ्लॅट. जुन्या खिडकीत स्टँडवर कूलर बसतो. सरकत्या काचेच्या खिडकीत आणि जाळी लावलेल्या छोट्या बाल्कनीत तो कुठे बसवायचा, हा प्रश्न घर बांधतानाच निर्माण झालेला असू शकतो. असे दिसले तर विक्री उतरण्याचे एक कारण ग्राहकाच्या आवडीत नसून इमारतीच्या आराखड्यात आहे असे गृहीतक मांडता येईल, आणि ते कोणत्याही प्रश्नावलीच्या उत्तरांतून सुचले नसते. लोकांच्या घरांची छायाचित्रे विचारल्याशिवाय घेऊ नका. वस्ती, घराचा प्रकार आणि कूलर कुठे बसवला आहे एवढी नोंद वहीत पुरते.

केस स्टडी हा या प्रकल्पात दुय्यम पर्याय आहे. एखादा कारखाना टिकला आणि शेजारचा बंद पडला, अशी जोडी सापडली आणि दोन्ही मालक बोलायला तयार असले तरच तो घ्यावा. एकट्या कारखान्याचे वर्णन म्हणजे केस स्टडी होत नाही. पथदर्शी पाहणी, म्हणजे प्रश्नावलीची छोट्या गटावर चाचणी, ही अन्वेषणाच्या शेवटी येते, सुरुवातीला नाही.

नमुना किती, याविषयी. इथे यादृच्छिक नमुन्याची (चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडीची) आणि त्याच्या सूत्रांची गरज नाही, कारण तुम्हाला लोकसंख्येतील प्रमाण काढायचे नाही. तुम्हाला कारणांची विविधता शोधायची आहे. म्हणून नमुना हेतुपूर्वक निवडायचा: ज्यांनी गेल्या दोन उन्हाळ्यांत कूलर सोडून एसी घेतला, ज्यांच्याकडे दोन्ही आहेत, जे जुना कूलर दुरुस्त करून चालवतात, ज्यांनी प्लास्टिकचा घेतला, आणि भाड्याने राहणारे विद्यार्थी किंवा नोकरदार. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुचर्चित अभ्यासात पश्चिम आफ्रिकेतील दोन देशांतल्या 60 मुलाखतींचे विश्लेषण केल्यावर असे आढळले होते की बहुतेक विषय पहिल्या 12 मुलाखतींतच येऊन गेले होते. हा आकडा विद्यार्थी फार उत्साहाने वापरतात. त्यातली अट मात्र विसरली जाते: तिथले सहभागी बऱ्याच अंशी एकसारखे होते आणि विषय मर्यादित होता. तुमच्याकडे पाच वेगळे गट आहेत, त्यामुळे एकूण 12 पुरणार नाहीत. प्रत्येक गटात चार-पाच मुलाखतींपासून सुरुवात करा आणि एक साधा तक्ता ठेवा, ज्यात प्रत्येक मुलाखतीनंतर 'आधी न ऐकलेली कोणती गोष्ट कळली' ते लिहायचे. एखाद्या गटात सलग तीन मुलाखतींत तो रकाना रिकामा राहिला तर त्या गटापुरते थांबावे, आणि जिथे अजून नवे मिळते आहे तिथे मुलाखती वाढवाव्यात. सर्वांना एका ओळखीच्या साखळीतून गाठले तर सगळे एकाच वस्तीतले आणि एकाच जातकुळीचे निघतात, म्हणून किमान तीन निरनिराळ्या ठिकाणांहून साखळ्या सुरू करा. गूगल फॉर्मची अडचणही हीच आहे. तो तुमच्या आणि तुमच्या मित्रांच्या फोनपर्यंत पोहोचतो, आणि कूलरचा जुना निष्ठावान ग्राहक कदाचित तिथे नसतोच.

मुलाखत ध्वनिमुद्रित करण्याआधी संमती घ्या आणि त्याच दिवशी लिहून काढा. बोलणारा मराठी-हिंदी मिसळून किंवा वऱ्हाडीत बोलला तर तसेच लिहा, पुस्तकी भाषेत सुधारू नका, कारण पुढच्या प्रश्नावलीतली विधाने याच शब्दांतून तयार व्हायची आहेत. मग एका बाजूला ग्राहकांचे गट आणि दुसऱ्या बाजूला वर आलेली कारणे असा तक्ता मांडा. एखादे कारण एकाच गटात दिसते की सर्वांत, आणि त्याच्या विरोधात जाणारे उदाहरण कोणते, हे त्यात स्पष्ट दिसले पाहिजे. विरोधी उदाहरण मिळाले तर ते दडवू नका. ज्या घरात एसी आहे, पैसा आहे, आणि तरीही दरवर्षी पत्र्याचा कूलर लागतो, त्या एका घराची मुलाखत इतर दहा मुलाखतींपेक्षा जास्त शिकवू शकते.

अहवाल लिहिताना या टप्प्याच्या निष्कर्षांत टक्केवारी घालू नये. '22 पैकी 14 जण म्हणजे 63.6 टक्के' असे लिहिले की वाचणारा ते संपूर्ण नागपूरला लावतो, आणि त्याला तसे करण्याचा अधिकार तुमच्या नमुन्याने दिलेला नसतो. मालकांना 'एसीमुळे विक्री उतरली' असा निर्वाळाही देऊ नका. तुमच्या कामाचे फलित म्हणजे तपासता येतील अशी तीन-चार गृहीतके. उदाहरणार्थ, सरकत्या खिडक्यांच्या फ्लॅटमध्ये कूलर सोडण्याचे प्रमाण स्वतंत्र घरांपेक्षा जास्त आहे. किंवा, ज्या घरांत पाणी बादलीने भरावे लागते तिथे एसीकडे वळण्याचा कल अधिक आहे. अशी वाक्ये तुम्ही लिहू शकलात आणि प्रत्येकाखाली ते कोणत्या मुलाखतींतून, नोंदींतून किंवा निरीक्षणांतून आले हे दाखवू शकलात, तर अन्वेषण पूर्ण झाले असे समजावे. बिलबुकांतून चार परिस्थितींपैकी एखादी निःसंशय बाद झाली असेल, तर तेवढे मात्र ठामपणे सांगा. मालकांना त्याचाही लगेच उपयोग आहे.

मौखिक परीक्षेत लहान नमुन्याविषयी विचारले जाईलच. तेव्हा नमुना लहान असल्याबद्दल दिलगिरीच्या सुरात बोलू नका. संशोधनाचा प्रश्न कोणता होता, तो 'किती' या प्रकारचा नसून 'काय' आणि 'कसे' या प्रकारचा का होता, गट कोणत्या तर्काने ठरवले, आणि कोणत्या मुलाखतीनंतर नवी माहिती थांबली, हे नोंदवहीतल्या तक्त्यासह दाखवा. वैधतेविषयी विचारले तर बिले, मेकॅनिक, ग्राहक आणि प्रत्यक्ष निरीक्षण या चार मार्गांनी एकच बाब तपासल्याचे सांगा, आणि जिथे चौघांत मेळ बसला नाही तो भाग स्वतःहून पुढे ठेवा. सामान्यीकरणाविषयी, म्हणजे निष्कर्ष सर्व नागपूरला लावण्याविषयी, विचारले तर ते केलेले नाही, असे सरळ उत्तर द्या.

मार्गदर्शक 200 जणांच्या पाहणीवर ठाम असतील तर त्यांच्याशी वाद घालण्याची आवश्यकता नाही. अन्वेषणात्मक टप्पा आधी आणि त्यातून निघालेल्या प्रश्नावलीची पाहणी नंतर, असा अनुक्रमिक मिश्र आराखडा सर्वत्र मान्य आहे. वेळेचे गणित मात्र आजच करा: बिलबुके आणि दुय्यम माहिती जानेवारीत, मेकॅनिक आणि दुकानदार फेब्रुवारीत, कारण होळीनंतर त्यांना बोलायला उसंत नसते, ग्राहकांच्या मुलाखती आणि वस्त्यांतील निरीक्षण मार्च-एप्रिलमध्ये, आणि पाहणी मेमध्ये, कूलर घरात चालू असताना. सत्राच्या वेळापत्रकात हे बसत नसेल तर पाहणी सोडून द्या, अन्वेषण नीट पूर्ण करा आणि सिनॉप्सिसमधल्या (प्रकल्पाच्या मंजुरीसाठी द्यायच्या रूपरेषेतल्या) शीर्षकात 'परिणामाचा अभ्यास' असे शब्द असतील तर ते मार्गदर्शकांच्या संमतीने बदलून 'विक्री घटण्याच्या संभाव्य कारणांचे अन्वेषण' असे करून घ्या. हा बदल सिनॉप्सिस मंजूर होण्यापूर्वी सहज होतो. नंतर तो करून घेताना फार धावपळ होते.